विद्यार्थ्यांचे मनन प्रवचन का होऊन बसते? विश्वास, ईश्वरविज्ञान आणि कला यांवरील एका प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या तुमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुणसंघात दर उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या सहा आठवड्यांत, महाविद्यालयीन मुलामुलींकडून दोन-तीन पानांचे मनन लिहून घेतले जाते. एखादे चित्र, गीत, कविता किंवा वास्तू निवडायची आणि तिच्या आधाराने आपल्या ख्रिस्ती विश्वासाविषयी विचार मांडायचा, अशी योजना आहे. परंतु हाती येणारे लिखाण एक तर रविवारच्या उपदेशाची नक्कल असते किंवा इंटरनेटवरून उतरवून घेतलेली माहिती. याचे कारण काय आणि उपाय काय, हे तुम्ही विचारले आहे. शिवाय, मुलांनी साडी नेसलेल्या मरियेचे किंवा धोतर-उपरण्यातल्या येशूचे चित्र निवडले, तर मंडळीतील वडीलधारी माणसे नाराज होतात; अशा वेळी ईश्वरविज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) दृष्टीने काय भूमिका घ्यावी, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. मी तेवीस वर्षे नाशिक शहरातील आणि निफाड-दिंडोरीकडच्या विद्यार्थ्यांची अशी मनने वाचत, परत देत आणि पुन्हा लिहून घेत आले आहे. त्या अनुभवाच्या बळावर, जरा विस्ताराने, उत्तर देते.

पहिल्या प्रश्नाचे मूळ मुलांच्या आळसात नाही. आपली मुले संडेस्कूलपासून उत्तरे पाठ करत वाढलेली असतात, आणि त्यामुळे चित्रासमोर उभे राहण्यापूर्वीच त्या चित्राने काय सांगायला हवे हे त्यांना ठाऊक असते. उधळ्या पुत्राचे चित्र दिसले की देवाची क्षमा, वधस्तंभ दिसला की पापांसाठी अर्पण, दिवा दिसला की जगाचा प्रकाश. उत्तर आधीच हातात असल्यावर चित्राकडे पाहायचे कशासाठी? चित्र मग भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे मागे लटकत राहते आणि पुढे उपदेश चालू होतो. याउलट जी मुले वाचनाची आवड असलेली असतात, ती चित्रकाराचे जन्मसाल, शैली, संग्रहालयाचे नाव अशी माहिती गोळा करतात. त्या माहितीत चूक नसते, पण तीही पाहण्याचे टाळण्याचीच एक रीत असते. या दोन्ही वाटांवर मुलाचा स्वतःचा विश्वास कोठेही पणाला लागत नाही.

म्हणून माझा पहिला नियम असा आहे की, पहिल्या पानावर एकही वचन लिहायचे नाही. निवडलेल्या कलाकृतीसमोर अर्धा तास बसायचे आणि जे डोळ्यांना दिसते किंवा कानांना ऐकू येते तेवढेच लिहायचे. गीत असेल तर कोणत्या शब्दावर सूर चढतो, कोठे श्वास घ्यावा लागतो, कोणते कडवे मंडळी नेहमी गाळते. वास्तू असेल तर उजेड कोठून येतो, बायका कोठे बसतात, दाराची उंची किती आहे. मुलांना सुरुवातीला हे फार जड जाते. 'देव', 'प्रेम', 'आशीर्वाद' हे तीन शब्द पहिल्या पानावर वर्ज्य आहेत असे मी सांगते तेव्हा चुळबुळ होते. पण या एका पानातूनच पुढे प्रश्न निघतो, आणि प्रश्न निघाला की मनन आपोआप चालू लागते.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने दाखवते. पिंपळगाव बसवंतकडचा, द्राक्षबागाईतदाराच्या घरातला एक मुलगा होता. त्याने आपल्या गावच्या मंडळीतील प्रभुभोजनाच्या मेजाच्या पुढच्या फळीवर कोरलेली द्राक्षवेल निवडली होती. त्याचे पहिले लिखाण बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावरचे दोन पानी प्रवचन होते: आपण फाटे आहोत, ख्रिस्त वेल आहे, पाप छाटले पाहिजे. मी वही परत देऊन एवढेच विचारले की, त्या फळीवरची वेल कोणत्या छाटणीनंतरची आहे. तो हसला, घरी गेला, आणि पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्या मेजासमोर गुडघ्यांवर बसून त्याने ती फळी नीट पाहिली. मग त्याने जे लिहिले ते मला आजही आठवते. त्या कोरीव वेलीला कोठेही काप नव्हता. तिला तार नव्हती, मांडव नव्हता, सुतळीची गाठ नव्हती; ओलांडा (वेलीचा जाड आडवा फाटा) आणि काडी यांत फरक नव्हता; पाने, तणावे आणि घड एकाच वेळी, एकाच मापाने फळीभर पसरले होते. त्याच्या वडिलांनी अशी वेल एक हंगामही ठेवली नसती, असे त्याने लिहिले.

त्यानंतर त्याने आपल्या बागेतली वेल लिहिली. आपल्याकडे द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या लागतात, कारण थंड देशांप्रमाणे येथे वेल हिवाळ्यात पूर्ण झोपी जात नाही. घड उतरवून झाल्यावर एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. त्या वेळी काड्या ओलांड्यापर्यंत मागे छाटतात, एखादा डोळा (नवी फूट येण्याची जागा) तेवढा ठेवतात, आणि ऐन उन्हात सगळी बाग वाळून गेल्यासारखी दिसते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांच्या आत, बाहेरून काही दिसत नसताना, घडाची घडण होते. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि तिच्यानंतर फुटतो तो माल. म्हणजे एप्रिलमध्ये जी काडी कापली जाते ती वाईट काडी नसते. तिने नुकताच घड दिलेला असतो. मुलाचा प्रश्न येथे उभा राहिला: मग छाटणी ही शिक्षा आहे असे आपण मंडळीत का सांगतो?

आता त्याला वचनाकडे जाण्याचा अधिकार मिळाला होता, आणि वचनानेही त्याला निराश केले नाही. योहान १५:२ मध्ये फळ देणाऱ्या फाट्यालाच माळी साफसूफ करतो असे म्हटले आहे. मूळ ग्रीक भाषेत येथे 'काढून टाकणे' आणि 'साफ करणे' या दोन क्रियापदांचा नाद जुळवलेला आहे, आणि लगेच पुढच्या वचनात येशू शिष्यांना 'तुम्ही शुद्ध आहात' म्हणतो तेव्हा तोच 'साफ' असण्याचा शब्द पुन्हा येतो. छाटणीचा शब्द आणि शुद्धतेचा शब्द एकाच मुळाचे आहेत, ही गोष्ट मराठी वाचताना हातातून निसटते. काही भाष्यकार पहिल्या क्रियापदाचा अर्थ 'उचलून धरणे' असाही घेतात. खाली लोंबणारी काडी तारेवर बांधण्याचे काम स्वतः केलेल्या मुलाला तो अर्थ लगेच आवडला. मी त्याला तो अर्थ लिहू दिला, पण एक शक्यता म्हणून. कारण सहाव्या वचनात बाहेर टाकलेले आणि वाळलेले फाटे अग्नीत जातात, आणि वचन जितके कठोर आहे त्याहून ते मऊ करून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्याच्या तिसऱ्या लिखाणात गारपीट आली. मार्चमध्ये उतरणीला आलेला माल एका दुपारी जमिनीवर पडला तर माळी कोठे असतो, असे त्याने विचारले होते, आणि योहानाच्या पंधराव्या अध्यायात गारपीट नाही. येथे पुष्कळ शिक्षक घाबरतात आणि मुलाला दिलासा देणारे वचन शोधून देतात. मी त्याला ऐंशीवे स्तोत्र वाचायला सांगितले. मिसरातून आणून लावलेली द्राक्षवेल, मोडून पडलेले कुंपण, रानडुकराने केलेला नाश, आणि तरीही त्याच देवाला 'तू हे का केलेस' असे तोंडावर विचारणे, हे सारे त्या स्तोत्रात आहे. त्याचे मनन तेथेच, प्रश्नातच, थांबले. मंडळीत ते वाचून दाखवल्यावर एका वृद्ध बागाईतदाराने उभे राहून प्रार्थना केली. ती प्रार्थना मला त्या वर्षातील सर्वांत खरी प्रार्थना वाटली.

या उदाहरणावर मी एवढी रेंगाळले, कारण कलेचे आणि ईश्वरविज्ञानाचे नाते येथे उघड दिसते. कला ही सिद्धान्ताला लावलेली शोभेची झालर असती, तर कोरलेल्या वेलीतील उणीव आणि बागेतल्या वेलीतील काप यांमधून नवा प्रश्न निघालाच नसता. कोरणाऱ्या सुताराने एक ईश्वरविज्ञान त्या फळीवर लिहून ठेवले होते: ख्रिस्ताशी जोडलेले जीवन म्हणजे अखंड बहर. मुलाने ते वाचले आणि त्याच्याशी वाद घातला. हा वाद आदराने घालता येतो, आणि तो घालायला शिकणे म्हणजेच या प्रकारच्या लेखनाचे शिक्षण.

मुले विचारतात की, बायबलला कलेचे एवढे महत्त्व वाटते का. त्यांना मी बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा एकतिसावा आणि बत्तिसावा अध्याय एकापाठोपाठ एक वाचायला लावते. एकतिसाव्या अध्यायात देव बसालेलाला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो, आणि हा आत्मा त्याला सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी मिळतो. अमुक माणसाला देवाच्या आत्म्याने भरले, असे बायबलमध्ये प्रथम ज्याच्याविषयी सांगितले आहे तो एक कारागीर आहे. पान उलटताच बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचे वासरू येते. तेच सोने, तीच कला, बायकामुलांच्या कानांतली तीच कुंडले. पुढे पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडपासाठीही, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठीही, लोक कुंडले आणून देतात. फरक कोठे आहे? बत्तिसाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात मोशेचा भाऊ अहरोन याने हत्याराने वासरू घडवल्याचे सांगितले आहे, पण मोशे जाब विचारतो तेव्हा चोविसाव्या वचनात अहरोन म्हणतो की, सोने अग्नीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले. आपल्या हातच्या कामाची जबाबदारी तो झटकून टाकतो. कलेविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने या तीन अध्यायांवर महिनाभर घालवला तरी तो वेळ वाया जाणार नाही. मूर्तिपूजेची भीती आणि कारागिरीचा मान या दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात, एकाच डोंगराच्या पायथ्याशी आहेत, आणि ख्रिस्ती परंपरेचा सगळा वाद त्यांच्यामधल्या जागेत झाला आहे.

तो वाद मुलांना थोडक्यात ठाऊक असावा. आठव्या शतकात पूर्वेकडील मंडळीत चित्रे फोडण्याची लाट आली तेव्हा दमास्कसच्या योहानाने असा युक्तिवाद केला की, अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरेच आहे. परंतु तोच देव देहधारी होऊन माणसांना दिसला, म्हणून त्या दिसलेल्या रूपाचे चित्र काढता येते. इसवी सन ७८७ च्या निकिया येथील दुसऱ्या परिषदेने चित्राला दिलेला मान आणि केवळ देवाला द्यावयाची आराधना यांत भेद केला. पुढे धर्मसुधारणेच्या काळात झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्ली याच्या प्रभावाखाली १५२४ साली मंदिरांतील चित्रे आणि मूर्ती काढून टाकण्यात आल्या, तर लूथरने गीतांना उपासनेच्या केंद्राजवळ आणले. तुमच्या संघात बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला जाणारी कॅथलिक घरांतली मुलेही येतात आणि भिंतीवर साध्या वधस्तंभापलीकडे काही नसावे असे मानणाऱ्या घरांतलीही येतात, असे तुम्ही लिहिले आहे. हा तुमचा मोठा लाभ आहे. त्यांना एकमेकांच्या उपासनास्थानात नेऊन बसवा आणि रिकामी भिंत पाहणेही किती कठीण असते ते लिहायला सांगा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. साडी नेसलेली मरिया चालेल का? माझे स्पष्ट उत्तर: चालेल, आणि तिचे समर्थन करण्यासाठी आपल्याला नवे काही शोधावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यातील रायतूर येथे १६१६ साली छापले गेले, आणि ते मराठी ओवीत आहे. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. अहमदनगरकडे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, भजन आणि कीर्तन या रूपांतून ख्रिस्ताला आळवले, आणि त्यांची गीते आजही 'उपासना संगीत' हा गीतसंग्रह उघडून आपण गातो. जी माणसे साडीतल्या मरियेवर नाराज होतात, तीच माणसे टिळकांचे भजन टाळ वाजवून गात असतात. कानांना जे पटले ते डोळ्यांना पटायला वेळ लागतो, एवढेच. त्यांना दुखवू नका, फक्त हे साम्य हळूच लक्षात आणून द्या.

चित्रकलेत आंजेलो दा फोन्सेका यांचे उदाहरण मुलांना अवश्य द्यावे. गोव्यातल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिक्षण घेतले. भारतीय रूपातील मरिया आणि येशू रंगवल्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांचा विरोध सोसावा लागला, आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी १९६७ साली मृत्यू येईपर्यंत काम केले. त्यांच्या चित्रांतली मरिया आपल्या दख्खनी उन्हात उभी असते. येथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यायला हवी: सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा जो येशू आपल्या घराघरांत फ्रेममध्ये आहे, त्यालाही कुणीतरी आपल्या देशाचे कपडे आणि आपल्या देशाचा चेहरा दिलेला आहे. आपल्याला सवय झाली म्हणून तो 'मूळचा' वाटतो. खरा येशू यहूदी होता, गालीलातला होता, आणि देशी चित्र काढताना त्याचे यहूदीपण पुसले जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. पौलाने गलतीकरांस पत्रात तो नियमशास्त्राधीन जन्मला असे म्हटले आहे, ते उगाच नाही.

पण येथेच थांबलात तर अर्धेच काम होईल. 'भारतीय' म्हणताना कोणाचे भारतीयपण? भगवी वस्त्रे, कमळ, पद्मासन, समई ही सगळी चिन्हे कोणत्या घरांतून आली? आपल्या भागातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुळे नगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत आहेत, आणि ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्या नाशकात हा प्रश्न टाळून मनन लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ यांनी हाच प्रश्न ईश्वरविज्ञानाच्या अंगाने मांडला आणि त्यातून पुढे दलित ईश्वरविज्ञानाची वाट निघाली: भारतीय ख्रिस्ती विचार उच्चवर्णीय तत्त्वज्ञानाशीच संवाद करत राहिला, आणि मंडळीत बसलेल्या बहुसंख्यांचा अनुभव बाहेरच राहिला. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील सेवक, ज्याला पाहून लोक तोंड फिरवतात, त्याला समईच्या मंद प्रकाशात देखणा करून ठेवला तर काय हरवते? एका विद्यार्थिनीने फोन्सेका यांच्या चित्राशेजारी आपल्या वस्तीतल्या नाताळच्या मिरवणुकीतली हलगी ठेवली, आणि उपासना सुरू होताच ती हलगी बाहेर ओट्यावर का ठेवली जाते, असे विचारले. तिच्या पाळकांना ते लिखाण आवडले नाही. मला ते तिच्या वयापेक्षा मोठे वाटले. फोन्सेका यांच्या चित्राचे सौंदर्य तिने नाकारले नव्हते. त्या चित्राने उघडलेले दार आणखी रुंद का होत नाही, एवढेच तिने विचारले होते.

याच ओघात माझी एक चूक सांगते, म्हणजे ती तुमच्या हातून होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर मनन लिहिले होते. आजी दळताना मरिया माउलीच्या बाळंतपणाच्या ओव्या म्हणत असे. त्यांत गोठा होता, शेकोटी होती, बाळंतिणीला कोणी डिंकाचे लाडू दिले नाहीत याचे दुःख होते. मी तिला सांगितले की, या ओव्या शास्त्राला धरून नाहीत, त्यापेक्षा छापील गीतसंग्रहातले गीत घे. तिने मुकाट्याने विषय बदलला. दोन वर्षांनी आजी गेली, आणि त्या ओव्या कोणी उतरवून घेतलेल्या नव्हत्या. लाडवांची ती ओळ देहधारणाच्या सिद्धान्ताला किती धरून होती, हे मला फार उशिरा कळले: देव खरोखर बाळ झाला असेल, तर त्याची आई खरोखर बाळंतीण होती.

लेखनाचा आदर्श म्हणून मी मुलांसमोर लक्ष्मीबाई टिळकांना ठेवते. त्यांचा जन्म १८६८ साली आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा म्हणावी अशी त्यांना लाभली नाही. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये विश्वासाचा एवढा मोठा प्रवास आहे, पण तो घागर, सोवळे, स्वयंपाकघर आणि प्रवासातले पाणी यांतून सांगितलेला आहे. जातिभेद मनातून गळून पडण्याची गोष्ट त्या सिद्धान्त म्हणून मांडत नाहीत. कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे आणि कोणाच्या हातचे नाही, या रोजच्या अडचणीतून ती पुढे सरकते. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरील काव्य पुढे त्यांनीच पूर्ण केले. आपली मुले लिहिताना ज्या जड, अनुवादित भाषेचा आधार घेतात, ती सोडवण्यासाठी लक्ष्मीबाईंची चार पाने मोठ्याने वाचून दाखवण्याइतका दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

परदेशातली कलाकृती निवडायला माझी हरकत नाही. फक्त ती मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला कोठेतरी भिडली पाहिजे. नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीने ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचे इझेनहाइमचे वेदीचित्र निवडले होते. हे चित्र १५१२ ते १५१६ च्या सुमारास, अँटोनाइन संन्याशांच्या ज्या मठासाठी काढले गेले, तेथे राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणाऱ्या, हातपाय जळल्यासारखे होऊन कुजणाऱ्या रोगाचे रुग्ण सांभाळले जात. चित्रातल्या ख्रिस्ताची त्वचा हिरवट आहे, अंगभर काट्यांचे तुकडे रुतलेले आहेत, ओठ निळे पडले आहेत, आणि बोटे ताठ फाकलेली आहेत. तिने पहिल्या पानावर हे सर्व ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेच्या नजरेने नोंदवले: कोणती जखम जुनी वाटते, कोणती ताजी, कोठे हात लावला तर माणूस कळवळेल. मग तिने विचारले की, खाटेवरून या चित्रासमोर आणलेल्या रुग्णाला येथे काय दिसत असेल. विसाव्या शतकातील ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थ याच चित्राची प्रत आपल्या लेखनाच्या मेजापाशी ठेवत आणि चित्रातल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या लांब बोटाकडे लक्ष वेधत, ही माहिती तिला मी नंतर दिली. आधी दिली असती, तर ती त्या बोटावरच लिहीत बसली असती आणि जखमा पाहायच्या राहून गेल्या असत्या.

नाशकात विषयांची वाण नाही. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती मुलांना ते नाव कोठून आले हे ठाऊक असते? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आश्रय आणि हातकामाचे शिक्षण मिळत असे. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ साली आजच्या झांबियात मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावले तेव्हा त्यांच्या सोबतच्या माणसांत होता. लिव्हिंग्स्टन यांचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, तेथे त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली; मग त्याच्या साथीदारांनी तो देह शेकडो मैल किनाऱ्यापर्यंत वाहून नेला, आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील दफनाला वेनराइट हजर होता. नाशकात शिकलेल्या, एकदा विकल्या गेलेल्या एका तरुणाने आफ्रिकेतल्या झाडावर कोरलेली अक्षरे, ही ख्रिस्ती कलेच्या इतिहासात धरायची की नाही? मी हा प्रश्न तीन वर्षे वेगवेगळ्या मुलांना दिला; अजून कोणी तो पुरता पेलला नाही, पण तुमच्यातले कोणी पेलेल.

आता थोडे कार्यपद्धतीविषयी. उपवासकाळाचे सगळे सहा आठवडे द्या. एका रात्रीत मनन होत नाही. पहिले दोन आठवडे केवळ पाहण्याचे पान. त्यानंतर एक प्रश्न, एकच, आणि तो प्रश्नचिन्हासह एका वाक्यात लिहिलेला. मग बायबलमधला एक उतारा, पण तो मागचा-पुढचा अध्याय वाचून निवडलेला. शब्दसूचीत 'प्रकाश' शोधून काढलेली पाच सुटी वचने मी सरळ कापते. परंपरेतला एक तरी आवाज त्यात असावा, मग तो दमास्कसचा योहान असो, टिळक असोत किंवा घरातली आजी असो. आजीचे म्हणणे लिहिताना तिने वापरलेलेच शब्द लिहावेत. शेवट प्रार्थनेने करण्याची सक्ती काढून टाका. ज्या मुलाला प्रार्थना आली तो लिहील. ज्याला नाही आली त्याने आमेन लिहून प्रश्न बंद करू नये.

उतरवलेले लिखाण कसे ओळखायचे, असेही तुम्ही विचारले होते. पहिले पान वर्गात, हाताने, कलाकृतीची छापील प्रत समोर ठेवून लिहून घेतले की हा प्रश्न बहुतेक सुटतो, कारण त्या पानावर जे दिसले तेच पुढच्या पानांवर वाढावे लागते.

आणि वही परत देताना तिच्यावर गुण लिहू नका. निदान पहिल्या दोन वेळा तरी समासात फक्त एक प्रश्न लिहा, मुलाच्या स्वतःच्या वाक्याखाली रेघ ओढून, आणि तो प्रश्न असा असावा की त्याच्या उत्तरासाठी मुलाला पुन्हा त्या चित्रासमोर, त्या फळीसमोर किंवा त्या गीतापाशी जावे लागेल.